संकलनाचा शेजारधर्म : चित्रकथा-संग्रहांच्या गुणदोषांविषयी

१

अनेकांच्या कृती निवडून एका पुठ्ठ्यात बांधणे हा साहित्यव्यवहारातील एक जुना आणि वरकरणी निरुपद्रवी उद्योग आहे. 'निवडक', 'वेचक', 'प्रातिनिधिक' ही विशेषणे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांमागे एक दावा आहे आणि जेथे दावा आहे तेथे उत्तरदायित्वही आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. समीक्षा संग्रहातील कृतींविषयी बोलते. संग्रह करण्याच्या कृतीविषयी मात्र ती बहुधा प्रस्तावनेतील चार वाक्यांवर विसंबून राहते. या कृतीचा नैतिक अंगाने विचार करावा आणि तो चित्रकथांच्या म्हणजे कॉमिक्सच्या संग्रहांच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रकथा-संग्रहांच्या गुणदोषांची एक रूढ यादी आहे. एकाच ठिकाणी अनेक हातांचे काम पाहावयास मिळते, अपरिचित चित्रकारांना प्रवेश मिळतो, दीर्घ कृतीचा भार न पेलणाऱ्याला आठ-दहा पानांत प्रयोग करता येतो, हे गुण. दर्जा असमान राहतो, एखादी कथा मनात रुजण्यापूर्वीच संपते, दीर्घ कृतींचे तुकडे पडतात, संपादकाची अभिरुची सर्वत्र डोकावते, हे दोष. अशी यादी चुकीची नाही. परंतु ती दोन स्वतंत्र रकान्यांत मांडल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. यांतील प्रत्येक दोष हा शेजारच्या गुणाचाच दुसरा चेहरा आहे. विविधता हवी असेल तर असमानता येणारच. नवख्याला जागा द्यावयाची तर थोडकेपणा पत्करावाच लागणार. आणि संपादकाची दृष्टी काढून टाकली तर उरतो तो केवळ ढीग. तेव्हा गुणांतून दोष वजा करून बाकी काय राहते, असे विचारण्यात अर्थ नाही. विचारावयाचा प्रश्न असा, की दुसऱ्याची कृती आपल्या रचनेचा घटक म्हणून वापरण्याचा अधिकार संकलकाला कोणत्या अटींवर प्राप्त होतो?

कान्टने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असा दंडक सांगितला. कलाकृती म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी त्या दंडकातील 'केवळ' हा शब्द आपल्या उपयोगाचा आहे. संकलनात प्रत्येक कृती काही प्रमाणात साधन होतेच. एखाद्या कालखंडाचे, प्रवाहाचे वा समूहाचे दर्शन घडविण्यासाठी ती तेथे आलेली असते. ती केवळ साधन होऊ नये यासाठी काय करावे लागते, हा या विवेचनाचा गाभा आहे.

२

हा प्रश्न कविता-संग्रहापेक्षा चित्रकथा-संग्रहात अधिक तीव्र होतो. त्याचे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात कलांचा एक उपयुक्त भेद मांडला. काही कलांत कृतीची ओळख तिच्या संकेतलेखनाने ठरते. शब्द आणि विरामचिन्हे तीच असतील तर कवितेची कोणतीही प्रत अस्सलच असते, मग टंक बदलो वा कागद. अशा कलांना संकेतनिष्ठ म्हणता येईल. याउलट चित्रात निर्मितीचा इतिहासच ओळखीचा भाग असतो. तेथे अक्षरशः नक्कल केली तरी ती नक्कलच ठरते. अशा कला स्वहस्तनिष्ठ होत. छापील कोरीवचित्रांच्या अनेक प्रती निघतात, तरी ती स्वहस्तनिष्ठच राहतात, हेही गुडमन यांनी नोंदविले आहे.

चित्रकथा या भेदाच्या सीमेवर उभी आहे. ती मूळातच छपाईसाठी केलेली असते. तिचे 'मूळ चित्र' ही बहुधा छापील पानाची केवळ पूर्वतयारी असते. तरीही ती नव्याने 'जुळविता' येत नाही. फुग्यातील अक्षरेसुद्धा अनेकदा हाताने काढलेली असतात आणि त्यांचा कंप हा कथनाचाच एक स्वर असतो. मोठ्या पानासाठी योजलेली रेषा लहान पानावर आली की ती दाटते. रंगीत पान काळ्या-पांढऱ्यात आले की त्यातील रात्र आणि दिवस सारखे दिसू लागतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानी चित्रकथा इंग्रजीत आणताना डावीकडून उजवीकडे वाचता यावे म्हणून पाने आरशातल्यासारखी उलटी छापण्याची रीत होती. तिच्यामुळे कित्येक सामुराई डावखुरे झाले. भाषांतरकार शब्द बदलतो तेव्हा आपण त्याला जाब विचारतो. संग्राहक पानाचे आकारमान बदलतो तेव्हा तो केवळ निर्मितीचा तपशील समजला जातो. चित्रकथेच्या बाबतीत पान हेच वाक्य आहे. त्याची मोडतोड ही अर्थाचीच मोडतोड होय.

दुसरी अडचण उताऱ्यांची. फ्रेंच अभ्यासक थिएरी ग्रोन्स्टीन यांनी १९९९ च्या आपल्या सिद्धान्तग्रंथात असे दाखविले, की चित्रकथेतील चौकट केवळ मागच्यापुढच्या चौकटींशी बांधलेली नसते. दूरच्या पानांवरील आकृती, रंग, रचना एकमेकींना साद घालतात. या प्रक्रियेला त्यांनी वेणी विणण्याचे रूपक योजले. वेणीचा मधलाच तुकडा कापून घेतला तर हाती केस येतात, वेणी येत नाही. दीर्घ कृतीतून दहा पाने उचलणारा संग्राहक बहुतेक वेळा कथानकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण तुकडा निवडतो. पण कथानक सुटे करता आले म्हणून वीण सुटी होत नाही. अमेरिकेत २००६ ते २०१९ या काळात दरवर्षी निघालेल्या 'द बेस्ट अमेरिकन कॉमिक्स' या मालिकेत लघुकथांच्या शेजारी दीर्घ ग्रंथांतील उतारेही येत. मालिकेने अनेक नावे व्यापक वाचकवर्गापुढे आणली, यात शंका नाही. मात्र पूर्ण लघुकथा आणि ग्रंथाचा तुकडा यांचे एकाच पंक्तीत मूल्यमापन होऊ लागले की तुकड्यावर अन्याय होतो. आणि तो आपण करीत आहोत, याची वाचकाला जाणीवही होत नाही.

उतारा अजिबात देऊ नये, असा याचा अर्थ नाही. उतारा हे एक वचन असते : मूळ कृतीकडे जा, असे तो सांगतो. ज्या वाचकाला मूळ कृती सहज मिळते त्याच्या बाबतीत हे वचन पाळले जाण्याची शक्यता तरी असते. एखाद्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत उतारा हीच संपूर्ण कृती होऊन बसते, हे आपल्याकडे नेमलेल्या 'निवडक' पाठ्यपुस्तकांच्या अनुभवावरून सांगता येईल. म्हणून मूळ कृतीची उपलब्धता जितकी कमी तितके संकलकाचे दायित्व अधिक, असा एक प्राथमिक नियम मांडावासा वाटतो.

३

आता काही प्रत्यक्ष संग्रहांकडे वळू. १९७७ साली बिल ब्लॅकबिअर्ड आणि मार्टिन विल्यम्स यांनी संपादित केलेला 'द स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ न्यूजपेपर कॉमिक्स' हा मोठ्या आकाराचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मागचा इतिहास नैतिक दृष्ट्या उद्बोधक आहे. अमेरिकेतील ग्रंथालये त्या काळी वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली सूक्ष्मपटावर उतरवून मूळ प्रती काढून टाकीत होती. सूक्ष्मपट काळा-पांढरा, त्यात रविवारच्या रंगीत पुरवण्यांतील चित्रकथांचे जे काही होई ते उघड आहे. या फाइली खाजगी व्यक्तीला मिळणे अवघड, म्हणून ब्लॅकबिअर्ड यांनी 'सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट' ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि राहत्या घरातच वृत्तपत्रांचा डोंगर उभा केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रचंड साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला.

येथे संकलनाचे पहिले आणि निर्विवाद मोल दिसते : ते नष्ट होणाऱ्याला वाचविते. वृत्तपत्र हे दुसऱ्या दिवशी रद्दी होण्यासाठीच जन्मते. त्यातील कलेला 'कृती' हा दर्जा संग्रहानेच दिला. तथापि वाचविण्याच्या या क्रियेतच एक विपर्यास दडलेला आहे. फ्रँक किंग यांच्या 'गॅसोलीन ॲली' या मालिकेत १९२१ च्या फेब्रुवारीत एका ब्रह्मचारी गृहस्थाच्या दाराशी कोणीतरी एक अर्भक ठेवून जाते. पुढे वाचकांच्या डोळ्यांदेखत ते मूल खऱ्या काळाच्या गतीने वाढत जाते. शाळेत जाते, तरुण होते. या मालिकेचा आशय म्हणजे काळाचे ओसरणे. तो कोणत्याही एका चौकटीत नाही आणि निवडक दहा चौकटींतही नाही. जॉर्ज हेरिमन यांच्या 'क्रेझी कॅट'मध्ये (१९१३ ते १९४४) उंदीर मांजरीला वीट मारतो आणि मांजर ती प्रेमाची खूण समजते, हा एकच प्रसंग तीन दशके पुनःपुन्हा घडतो. एका रागाच्या अनेक बैठका ऐकाव्यात तसे त्यातील सौंदर्य पुनरावृत्तीत उमलते. संग्राहक मात्र 'उत्तम' पाने निवडतो, म्हणजे नेमकी पुनरावृत्ती टाळतो. अशा मालिकांच्या बाबतीत उत्तमाची निवड हीच विकृती ठरते. रोजच्या जेवणातून सणाचे तेवढे ताट उचलून दाखविले, तर त्या घरच्या अन्नाची कल्पना येत नाही.

याला उत्तर काय? ब्लॅकबिअर्ड यांच्या पुढील कार्यात ते सापडते. २००२ पासून 'क्रेझी कॅट'च्या रविवारच्या पानांचे क्रमवार पुनर्मुद्रण अमेरिकेत सुरू झाले आणि त्याचे संपादन त्यांनीच केले. 'गॅसोलीन ॲली'चीही क्रमवार आवृत्ती २००५ पासून निघू लागली. निवडक संग्रहाने भूक निर्माण केली आणि समग्र आवृत्तीने ती भागविली. चांगल्या संकलनाची एक खूण यातून मिळते : ते आपल्यालाच अनावश्यक करण्याची तयारी ठेवते. जे संकलन स्वतःला अंतिम निवाडा मानते ते कालांतराने वाचविलेल्यांपेक्षा वगळलेल्यांच्या विस्मरणालाच अधिक कारणीभूत होते. कारण जे संग्रहात नाही ते नव्हतेच, असे पुढील पिढी गृहीत धरते.

४

दुसरा प्रकार नियतकालिक संग्रहाचा. येथे संकलक भूतकाळातून निवडीत नाही. तो वर्तमानात कृती घडण्यासाठी जागा निर्माण करतो. कात्सुइची नागाई यांनी १९६४ साली टोकियोत सुरू केलेले 'गारो' मासिक आणि फ्रान्स्वाज मुली व आर्ट स्पीगलमन यांनी १९८० ते १९९१ या काळात न्यूयॉर्कमधून काढलेले 'रॉ' ही त्याची दोन ठळक उदाहरणे.

'गारो'चा जन्म सानपेई शिराटो यांच्या 'कामुइ-देन' या दीर्घ कथेला स्थान मिळावे म्हणून झाला. सरंजामी जपानातील शेतकरी आणि बहिष्कृत जातींच्या संघर्षाची ही कथा १९७१ पर्यंत त्यात चालली. परंतु मासिकाचे ऐतिहासिक महत्त्व ठरविले ते त्या कथेच्या आश्रयाने आलेल्या इतरांनी. योशिहारू त्सुगे यांच्या स्वप्नवत, अबोल कथा व्यापारी मासिकांच्या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. लोकप्रिय कृतीने वाचक आणावा आणि त्याच्या बळावर अपरिचित कृतीने श्वास घ्यावा, हे संकलनाचे अर्थकारण एका अर्थी औदार्याचे आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्या काळात 'गारो'तील चित्रकारांना मानधन मिळेनासे झाले. कोणतेही बंधन नाही आणि मोबदलाही नाही, असा तो व्यवहार होता. चित्रकारांनी तो राजीखुशीने पत्करला, असे म्हणता येईल. मात्र जेथे दुसरे दारच नाही तेथे राजीखुशीला किती अर्थ उरतो? आपल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीलाही हा प्रश्न परका नाही. निष्ठेवर चालणारा उद्योग निष्ठेचेच शोषण करू लागतो. ती सीमारेषा संपादकाला दिसत नसते आणि लेखकाला ती उच्चारण्याचा संकोच वाटतो. येथे कान्टचा 'केवळ' हा शब्द पुन्हा आठवावा लागतो. माझ्या मते मोबदला न देता येणे हा दोष नव्हे. तो न देणे हीच कलेच्या स्वातंत्र्याची खूण आहे असे भासविणे हा दोष होय.

'रॉ'चे उदाहरण पानाच्या अखंडतेच्या संदर्भात महत्त्वाचे आहे. पहिल्या मालिकेतील या अंकांचे आकारमान वृत्तपत्राची आठवण करून देण्याइतके मोठे. स्पीगलमन यांची 'माउस' ही पित्याच्या नरसंहार-स्मृतींची कथा १९८० च्या डिसेंबरात दुसऱ्या अंकापासून त्यात प्रकरणशः येऊ लागली; पण ती मोठ्या पानावर पसरली नाही. लहान आकाराची स्वतंत्र पुस्तिका म्हणून ती अंकात बांधलेली असे. या कथेची रेषा डायरीसारखी खाजगी होती. तिला भव्य पानाचा दिमाख मानवला नसता. संकलनाने आपला आकार त्या कृतीवर लादला नाही, कृतीचा आकार आपल्या पोटात सामावून घेतला. १९८५ च्या सातव्या अंकाच्या प्रत्येक मुखपृष्ठाचा एक कोपरा हाताने फाडण्यात आला होता. हजारो छापील प्रतींतील प्रत्येकीला हाताचा स्पर्श देणारी ही कृती गुडमन यांच्या भेदावर केलेले एक मार्मिक भाष्य म्हणता येईल.

याच सातव्या अंकात त्सुगे यांची 'लाल फुले' ही कथा इंग्रजीत आली. ती १९६७ साली 'गारो'त प्रथम प्रसिद्ध झाली होती. 'गारो'त तिचे शेजारी तिच्याच भाषेतील, तिच्याच वादांत गुंतलेले चित्रकार होते. तेथे ती एका विशिष्ट लेखकाची नवी कथा होती. न्यूयॉर्कमध्ये पोहोचताच ती जपानी चित्रकथेचा नमुना झाली. चित्रे तीच, घटनाक्रम तोच. बदलला तो शेजार. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या अंतर्गत घटकांसाठी संवादलय, विरोधलय आणि समतोललय यांची जी कल्पना मांडली, ती संग्रहाच्या पातळीवर विस्तारून पाहता येईल. शेजारी ठेवलेल्या दोन कृती एकमेकींच्या अर्थात हस्तक्षेप करतातच. फरक एवढाच, की कलाकृतीतील घटकांना स्वतःचे असे वेगळे आयुष्य नसते. संग्रहातील कृतींना ते असते. म्हणूनच संग्रहाची लय केवळ सौंदर्याच्या कसोटीवर तोलता येत नाही. दोन कृतींतील विरोध रंजक दिसावा म्हणून एकीला हास्यास्पद ठरविणारा क्रम लावणे, ही लयीची सिद्धी असेलही. न्यायाची खचित नव्हे.

५

येथून आपण प्रातिनिधिकतेच्या प्रश्नाशी येतो. अमेरिकेतील भूमिगत चित्रकथांच्या चळवळीने सर्व निषिद्धे झुगारल्याचा दावा केला. पण तिच्या संग्रहांची दारे स्त्रियांसाठी क्वचितच उघडी होती. त्यातून १९७० साली ट्रिना रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ स्त्रियांच्या कामाचा 'इट ॲन्ट मी, बेब' हा अंक काढला आणि १९७२ मध्ये 'विमेन्स कॉमिक्स' ही मालिका सुरू झाली. ती १९९२ पर्यंत चालली. तिचे संपादकत्व फिरते होते. निवडीची सत्ता एका हाती साचू नये, यासाठी योजलेला हा साधा उपाय होता. अंकांचा तोंडवळा त्यामुळे सारखा बदलत राही, हा त्याचा ओघानेच आलेला परिणाम.

या मालिकेच्या पहिल्याच अंकात रॉबिन्स यांची 'सँडी कम्स आउट' ही समलिंगी तरुणीची कथा होती. विषयाला जागा मिळाली, हे पाऊल धाडसाचेच होते. मात्र ती बाहेरून सांगितलेली गोष्ट आहे, असे मेरी विंग्ज यांना वाटले आणि १९७३ साली त्यांनी स्वतःची 'कम आउट कॉमिक्स' ही पुस्तिका काढली. पुढे १९७४ च्या चौथ्या अंकात रॉबर्टा ग्रेगरी यांची या अनुभवाची कथा याच मालिकेत आली. म्हणजे वगळल्या गेलेल्यांनी उभारलेल्या संग्रहातही कोणी वगळले जाते आणि त्या वगळण्यातून पुन्हा नवी पृष्ठे जन्मतात. ही साखळी कधीच संपत नाही. तिचा शेवट व्हावा अशी अपेक्षा करणे म्हणजे सर्वसमावेशक संग्रह शक्य आहे असे मानणे होय. आणि तसे मानणारा संपादकच सर्वांत निर्धास्तपणे वगळतो.

एक खरोखर अवघड प्रश्न येथे टाळता येणार नाही. ज्या समूहाचा आवाज आजवर ऐकू आला नाही त्याच्यातील एखाद्याची कृती कलादृष्ट्या दुबळी असेल, तर ती संग्रहात घ्यावी काय? एक पक्ष म्हणेल की, दर्जाशी तडजोड हा कलेचा आणि त्या समूहाचाही अपमान आहे. दुसरा पक्ष म्हणेल की, दर्जाच्या कसोट्याच मागील संग्रहांनी घडविल्या आहेत. ज्यांना त्या संग्रहांत जागा नव्हती त्यांना त्याच कसोट्या लावणे म्हणजे फिर्यादीला आरोपीच्या कोर्टात पाठविणे होय. दलित साहित्याच्या पहिल्या टप्प्यावर आपल्याकडे झालेल्या वादांची येथे आठवण होणे साहजिक आहे, आणि त्या वादांनी दुसऱ्या पक्षाचे बळ पुरेसे सिद्ध केले आहे.

तरीही माझ्या मते प्रश्न 'घ्यावी की न घ्यावी' असा मांडण्यातच गफलत आहे. गुणवत्ता आणि गरज ही निवडीची दोन भिन्न कारणे आहेत आणि दोन्ही सन्मान्य आहेत. कृती थोर आहे म्हणून घेतली, असे म्हणता येते. ही नोंद व्हायला हवी होती म्हणून घेतली, असेही म्हणता येते. एका कारणाला दुसऱ्याचा वेष चढविला की फसवणूक सुरू होते. मग वाचक दुबळ्या कृतीला त्या समूहाच्या क्षमतेचा पुरावा समजतो, आणि चित्रकाराच्या खांद्यावर त्याने न मागितलेले एका समाजाचे ओझे येते. दुसरे असे की, एकच कृती घेतल्याने हे ओझे सर्वाधिक वाढते. एका समूहातून दोन कृती आल्या आणि त्या परस्परांशी असहमत असल्या, तर त्यांपैकी एकीलाही प्रतिनिधी होण्याची सक्ती राहत नाही. प्रातिनिधिकतेचा दावा सर्वांत लटका ठरतो तो जेथे प्रतिनिधी एकच असतो तेथे.

६

भारतातील अलीकडच्या संग्रहांपैकी एकाचा विचार या दृष्टीने करणे अगत्याचे आहे. २०१२ साली 'पाओ' या दिल्लीतील चित्रकार-गटाचा संग्रह निघाला आणि त्याच्या पाठोपाठ २०१३ मध्ये विश्वज्योती घोष यांनी सिद्ध केलेला 'धिस साइड, दॅट साइड' हा फाळणीविषयक संग्रह योडा प्रेसने प्रसिद्ध केला. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांतील लेखक-चित्रकार त्यात आहेत. त्यामुळे १९४७ च्या शेजारी १९७१ ही येते. नीना सबनानी यांची कच्छमध्ये आलेल्या स्थलांतरितांविषयीची कथा तेथील कापडकामाच्या दृश्यभाषेत उभी राहते. तिच्या आसपास शाईच्या गडद रेषा आहेत, तशीच छायाचित्रांशी नाते सांगणारी पानेही आहेत. विशेष असे, की काही कथांत शब्द एका देशातील लेखकाचे आणि चित्रे दुसऱ्या देशातील चित्रकाराची आहेत. सीमा ओलांडण्याची क्रिया येथे विषयापुरती उरत नाही. ती निर्मितीची पद्धतच होते.

या संग्रहावर असमानतेचा आक्षेप सहज घेता येईल. काही कथा संपतात तेव्हा त्या नुकत्या सुरू झाल्या होत्या असे वाटते; काहींत शब्दांचा भार इतका, की चित्रे त्यांची वेठबिगारी करतात. पण फाळणीसारख्या विषयावर एकाच हाताची समान दर्जाची, एकसंध दीर्घ कृती आणि अनेक हातांचा हा उंचसखल संग्रह यांतील निवड केवळ कलात्मक उरत नाही. एकसंध कृतीला एक दृष्टिकोण असतो, आणि फाळणीच्या बाबतीत एका दृष्टिकोणाला पूर्ण सत्याचा आभास निर्माण करता येतो. तो आभासच या उपखंडात आजवर घातक ठरला आहे. संग्रहातील उंचसखलपणा हा येथे काही अंशी सत्याचाच आकार आहे. चित्रकथेच्या दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते तिच्यात वाचक दोन क्षणांचा संबंध स्वतः जुळवितो, हे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये विशद केले. संग्रहात तशीच एक पट्टी दोन कथांच्या मध्ये असते. लाहोरच्या आठवणीवरून कलकत्त्याच्या किंवा ढाक्याच्या आठवणीवर येताना वाचकाला ती ओलांडावी लागते, आणि तेथे संपादकाने पूल बांधून दिलेला नसतो.

मात्र एक धोका सांगितलाच पाहिजे. वेदना शेजारी-शेजारी ठेवल्या की त्या सारख्या वाटू लागतात. कोणी मारले आणि कोण मेले, कोणाची जमीन गेली आणि कोणाला मिळाली, हे प्रश्न सामूहिक दुःखाच्या एका करुण रंगात विरघळून जाण्याची शक्यता असते. शेजार म्हणजे समता नव्हे. साक्षींचे संकलन करणाऱ्याने न्यायाधीश होऊ नये, हे खरे. पण सर्व साक्षींचे वजन एकच आहे असे सुचविणे हाही एक निवाडाच असतो. शिवाय हे संग्रह मुख्यतः इंग्रजीत आहेत. ज्या बोलींत ती घरे सोडली गेली त्या बोली फुग्यांतून बहुतांशी हद्दपार आहेत, आणि हाताने काढलेल्या देवनागरी, गुरुमुखी, बंगाली वा उर्दू अक्षरांचे जे दृश्यमूल्य कथेत उतरले असते ते त्यांच्याबरोबरच गेले आहे.

७

आपल्याकडे या विषयाची परंपराच नाही, असे कोणी म्हणू नये. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक दरवर्षी संकलन वाचीत आला आहे. त्यात कथा, कविता, लेख आणि व्यंगचित्रे एकमेकांच्या सोबतीने नांदतात. १९५१ पासून निघणाऱ्या 'आवाज'ची खिडकीचित्रे तर कागद कापून आणि पान उलटवूनच अर्थ देतात; ती दुसरीकडे साध्या पानावर छापली तर संपतात. चित्राचे पान हे वस्तू म्हणून जपावे लागते, याचे इतके घरगुती उदाहरण हाताशी असूनही आपल्या समीक्षेने त्याचा सैद्धान्तिक विचार केलेला नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. संकलकाचा अधिकार कोणत्या अटींवर उभा राहतो? वरील उदाहरणांतून निघणाऱ्या अटी एका शब्दात सांगावयाच्या तर 'शेजारधर्म' हा शब्द मला जवळचा वाटतो. कुटुंबात आपण एकमेकांचे असतो. बाजारात एकमेकांच्या उपयोगाचे असतो. शेजारी या दोहोंच्या मधला. भिंत सामाईक असते, संसार वेगळा असतो. शेजाऱ्याच्या घराची रचना आपण आपल्या सोयीने बदलत नाही, त्याच्या वतीने बोलत नाही आणि तो बोलला तर कान बंदही करीत नाही. संकलकाने कृतीला तिच्या आकारासह आणावे; तुकडा असेल तर तो तुकडा आहे हे लपवू नये; निवडीचे खरे कारण सांगावे; आणि जे आणता आले नाही त्याची जागा मोकळी दिसू द्यावी. हे केले तरी दर्जाची असमानता, थोडकेपणा, वगळणे हे दोष उरतीलच. परंतु ते मग लपविलेले दोष राहणार नाहीत. वाचकाला दिसणाऱ्या आणि म्हणून त्याला वाद घालता येईल अशा मर्यादा होतील.

या अटी वाचकालाही लागू होतात. संग्रहात आवडीची दोन नावे शोधून बाकीची पाने भरभर उलटणारा वाचक संपादकाइतकीच निवड करीत असतो, आणि तिचे कारण सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणीच टाकीत नाही. निदान ज्यांचा अध्ययन-अध्यापन हाच व्यवसाय आहे त्यांनी तरी ती स्वतःवर घेतली पाहिजे. अभ्यासक्रमासाठी पुस्तक नेमताना, प्रश्नपत्रिकेसाठी उतारा निवडताना, 'महत्त्वाचे' म्हणून एखाद्या नावाखाली रेघ ओढताना आपण सगळे संकलकच असतो.